दोरा बोट का कापतो?

आज एकाच बोटाबद्दल बोलू या: गळ फेकताना दोरा धरून ठेवणाऱ्या तर्जनीबद्दल.

मी कोकणात खडकांवरून गरवतो. पूर्वी सगळे तंगूस वापरायचे, आता विणलेला ब्रेडेड दोरा आला. पॉलिथिलीनच्या तंतूंचा हा दोरा तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाच्या साधारण निम्म्या जाडीचा असतो आणि ताण आला तरी फारसा लांबत नाही. म्हणून शिसं दूर जातं, आणि म्हणूनच बोटही कापतं.

खरा घात करतो तो ताणाखाली सरकणारा दोरा. रिळाचा ड्रॅग सैल असेल, तर जोरात फेकताना स्पूल फिरतो आणि दोरा बोटावरून करवतीसारखा ओढला जातो. तेव्हा फेकण्याआधी ड्रॅग घट्ट करा, शिसं पाण्यात पडलं की पुन्हा सैल करा.

दुसरं, पुढे जाड तंगुसाचा शॉक लीडर बांधा. दर 28 ग्रॅम शिशामागे 10 पौंड हा नेहमीचा हिशेब, म्हणजे 112 ग्रॅमला 40 पौंड. फेकताना स्पूलवर लीडरचे चार-पाच वेढे राहू द्या, म्हणजे बोटाखाली तंगूसच येईल. शिवाय जुन्या चामडी हातमोज्याचं एक बोट कापून तर्जनीवर चढवा.

तिसरं, गरी खडकात अडकली तर दोरा हाताला गुंडाळून ओढू नका. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा आणि ओढा.

तरीही कापलंच, तर गरवणं थांबवा, जखम स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या भागात लीडरची गाठ बांधून दाखवतो.