स्वागताध्यक्षीय भाषण: फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध धर्मप्रबोधन

फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१९ साली गोव्यात निधन झाले. त्यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ मात्र पुढे अनेक पिढ्या ख्रिस्ती श्रोत्यांना बायबलमधील कथा सांगत राहिले. धर्मोपदेशकाच्या पश्चात त्याचा उपदेश कसा टिकतो, हे समजून घेण्यासाठी मराठीत याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडच्या विल्टशरमधले. रोममध्ये येशूसंघात प्रवेश घेऊन ते १५७९ साली लिस्बनमार्गे गोव्याला पोहोचले आणि आयुष्याचा उरलेला बहुतेक काळ त्यांनी साष्टी भागात घालवला. तेथील नवख्रिस्ती समाज एका पोकळीत सापडला होता. पूर्वीची पुराणे त्याच्या हातून गेली होती आणि त्यांची जागा घेणारे स्वभाषेतले काहीच मिळाले नव्हते. साष्टीतला एक ब्राह्मण पाद्री-गुरूला नेमकी हीच उणीव सांगतो, असा प्रसंग ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच येतो.

१६१६ साली रायतूर येथे हा ग्रंथ छापला गेला. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या रचनेचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगते, तर ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र. ग्रंथाची लिपी रोमन, भाषा कोकणीची छटा असलेली मराठी आणि घाट श्रोता-वक्ता संवादाचा. विषय नवा असला तरी ऐकण्याची रीत जुनीच राहिली, आणि ग्रंथाचा प्रभाव टिकला तो मुख्यतः याच कारणाने.

पुढे येशूसंघाच्याच एतिएन द ला क्रुआ यांनी संत पीटरवर ओवीबद्ध पुराण रचले. ते १६२९ साली गोव्यात छापून प्रसिद्ध झाले. ‘क्रिस्तपुराणा’च्याही १६४९ आणि १६५४ साली आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढल्यावर अशा साहित्याचा राजाश्रय संपला. तरी हस्तलिखिते उरली आणि मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांत वाचन चालू राहिले. तेथेच १९०७ साली जोसेफ साल्डाना यांनी ग्रंथाची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या देवनागरी आवृत्तीमुळे हा ग्रंथ सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत आला.

या प्रभावाला मर्यादाही होत्या. त्यामागे परकी सत्ता होती आणि धर्मांतराच्या धोरणात सक्तीचा भाग होता. मात्र सत्तेचे पाठबळ गेल्यानंतरही लोक ज्या ओव्या वाचत राहिले, त्यांच्या टिकण्याचे श्रेय रचनेलाच द्यावे लागते.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या या संमेलनापुढे हाच वारसा विचारार्थ आहे. त्यासाठी आलेले संमेलनाध्यक्ष, धर्मगुरू, लेखक, अभ्यासक आणि वाचक या सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत करण्यात येत आहे.