पहिले घर आणि नकाराचे कारण



लोणावळ्यात घरांची टंचाई आहे, हे बाहेरून येणाऱ्याला चटकन पटत नाही. तुंगार्ली किंवा वलवणच्या बाजूला फेरफटका मारला, तर वर्षातून जेमतेम पंधरवडाभर उघडणारे बंगले ओळीने दिसतात. ही मुंबई-पुण्यातील सुखवस्तू कुटुंबांची दुसरी, क्वचित तिसरी घरे. त्याच गावात चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईपाशी उभा राहणारा कामगार, हॉटेलच्या खोल्या आवरणारी बाई आणि पावसाळ्यात पर्यटकांना भुशी धरणाकडे नेणारा रिक्षावाला यांचे पहिले घर अजून व्हायचे आहे. दुसऱ्या घराची हौस जागेचा भाव ठरवते आणि पहिल्या घराच्या गरजेला तोच भाव मोजावा लागतो.

या गरजेसाठी शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७० मध्ये हुडको आणि १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाली, तेव्हा शासन स्वतः घरे बांधील किंवा बांधणाऱ्या सार्वजनिक संस्थेस पैसा देईल, अशी कल्पना होती. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली आणि हळूहळू घराऐवजी गृहकर्ज हा धोरणाचा केंद्रबिंदू झाला. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल व अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान होते. त्या गटासाठी ते ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाले. सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा अमलात आला. त्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान ठरले. ते एकूण १ लाख ८० हजारांच्या वर जाणार नाही, पाच वार्षिक हप्त्यांत मिळेल आणि कुटुंबाचे देशात कोठेही पक्के घर नसावे.

आता थोडा हिशेब करू. महिना २५ हजार मिळवणारे कुटुंब या योजनेत दुर्बल गटाच्या वरच्या टोकाला येते. सावकारीच्या जाचाइतका हप्ता सोसून त्याने निम्मे उत्पन्न, म्हणजे साडेबारा हजार, वीस वर्षे भरले, तरी साडेआठ टक्के दराने त्याला सुमारे साडेचौदा लाखांचेच कर्ज झेपते. त्या पैशांत लोणावळ्यात घर कोठे मिळते, ते कोणी दाखवून द्यावे! दुसऱ्या टोकाला ३५ लाखांचे घर घेणाऱ्याने योजनेतील सर्वांत मोठे कर्ज घेतले, तरी दहा लाख रोख त्याच्याच खिशातून जातात. मुद्रांक शुल्क वेगळेच.

पण ज्यांचा हिशेब बसतो, त्यांचेही अर्ज अडतात, आणि खरा प्रश्न तेथेच आहे. अनुदानाची पात्रता शासन ठरवते. कर्जाची पात्रता बँक ठरवते. कर्जच मंजूर झाले नाही, तर अनुदानाच्या पात्रतेला कवडीचीही किंमत उरत नाही. म्हणजे सार्वजनिक तिजोरीतील पैसा कोणाच्या हाती पडावा, हे प्रत्यक्षात शाखेतील टेबलावर किंवा खाजगी वित्तकंपनीच्या संगणकात ठरते. शिवाय छोट्या कर्जांच्या बुडिताची काळजी शासनच वाहते. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी त्यासाठीचा पतहमी निधी एक हजार कोटींवरून तीन हजार कोटींवर नेण्यात आला. धनकोला हमी आहे. ऋणकोला साधे उत्तर मिळण्याचीही हमी नाही.

मावळात अर्ज कशावर अडतो? प्रथम पगारावर. हंगामी हॉटेलकामगाराला पगार रोखीत मिळतो, पगारपत्रक नसते, आयकराचे विवरण नसते. मग सिबिलवर. कधीकाळी हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलची थकबाकी, जी फेडूनही नोंदीतून गेलेली नसते, ती घराच्या आड येते. आणि सर्वांत अधिक जमिनीवर. कामशेत-कान्हे पट्ट्यात, वडगावच्या आसपास, गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार साध्या मुद्रांकावर झाले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे त्यांची नोंद वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर चढली नाही. बँकेचा वकील शोध-अहवालात एक ओळ लिहितो आणि घर राहते, पण तारण राहत नाही. यांपैकी काही कारणे रास्तही असतात. सदोष मालकीवर कर्ज देऊन गरिबाला दरीत लोटावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कारण रास्त आहे की नाही, हे ते कळल्यावाचून कसे ठरणार?

नियम तर स्पष्ट आहे. कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये सांगितले. कर्ज कितीही रकमेचे असो, नाकारल्यास प्रमुख कारण लेखी कळवावे, असे मार्च २००७ मध्ये सांगितले. व्यवहारात अर्ज दाखलच करून घेतला जात नाही. ‘फाईल बसत नाही’ हे तीन शब्द काउंटरवर उच्चारले जातात, आणि कागदावर नकार झालेलाच नसतो. मग दाद कशाविरुद्ध मागायची?

समजा, लेखी नकार मिळाला. बँकेकडे तक्रार करायची, तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने ही वाट सोपी केली; पण त्याच योजनेने बँकेचा ‘व्यापारी निर्णय’ तक्रारीच्या कक्षेबाहेर ठेवला. गृहवित्त कंपन्याही तिच्यात घेतल्या नव्हत्या; त्यांच्याविरुद्धची तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे करायची. म्हणजे पोच दिली नाही, कारण कळवले नाही, विलंब केला, याविरुद्ध दाद मागता येते. कर्ज का दिले नाही, याविरुद्ध जवळजवळ नाही. जेथे सरकारी अनुदान आणि सरकारी हमी दोन्ही गुंतली आहेत, तेथे निर्णय निव्वळ व्यापारी कसा, हा प्रश्न संसदेत आणि विधिमंडळात विचारला गेला पाहिजे.

तोवर हाती असलेली हत्यारे बोथट समजू नयेत. राष्ट्रीयीकृत बँकेस माहितीचा अधिकार लागू आहे. आपल्याच अर्जावरील शेरे अर्जदार मागू शकतो. पतनोंदीची प्रत वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून विनामूल्य मिळते, आणि चुकीची नोंद तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू झाला.

एका परदेशी लढ्याची आठवण येथे उपयोगी पडेल. शिकागोच्या ऑस्टिन वस्तीत सत्तरीच्या दशकात बँका ठराविक मोहल्ल्यांना घरासाठी कर्जच देत नसत. गेल सिनकोटा नावाच्या, सहा मुलांच्या आईने शेजारणींना संघटित केले. तेव्हाच्या चळवळीने १९७५ मध्ये असा कायदा करून घेतला की, गृहकर्ज कोणत्या वस्तीत दिले हे बँकांनी जाहीर करावे. १९७६ मध्ये दुसऱ्या एका कायद्यातील दुरुस्तीने नकाराचे कारण मागण्याचा हक्क ऋणकोला दिला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे घडू शकले, ते मावळ तालुक्यात अशक्य मानण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आणि गृहवित्त कंपनीने किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि कशासाठी, हे तालुकावार प्रसिद्ध करावे, ही मागणी साधी आहे.

तिची तयारी येथूनच करता येईल. लोणावळा, तळेगाव, वडगाव आणि देहूतील शाखांच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येकी एक वही ठेवावी. तीत अर्जाची तारीख, पोच मिळाली की नाही, काउंटरवर काय सांगितले, लेखी कारण कोणत्या दिवशी मिळाले, हे रकाने असावेत. अर्जदाराचे नाव त्याच्या संमतीवाचून बाहेर जाऊ नये. पोच न देणाऱ्या शाखेकडे तो अर्ज त्याच दिवशी पोचपावतीसह टपालाने पाठवावा आणि टपालाची पावती वहीला टाचावी.