करसवलत कोणाच्या घरी पोचते?

करात सूट जाहीर झाली की सर्वांनाच दिलासा मिळाला, असे सर्रास बोलले जाते. परंतु जो कर एखाद्या कुटुंबावर मुळात नव्हताच, त्याची सूट त्या कुटुंबाला मिळणार तरी कशी?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीखाली १२ लाख रुपयांपर्यंतचे सर्वसाधारण वार्षिक उत्पन्न करमुक्त झाले. पगारदारांस प्रमाणित वजावटीमुळे ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत गेली. उपकर सोडून हिशेब केला तर त्याच पद्धतीच्या आधीच्या दरांच्या मानाने ८ लाख करपात्र उत्पन्नावर ३० हजार रुपये वाचले, १२ लाखांवर ८० हजार आणि २४ लाखांवर १ लाख १० हजार. रकमेने पाहता वरचे घर पुढे आहे. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहता १२ लाखांचे. ७ लाखांच्या आतील कुटुंबाच्या हाती मात्र नवे काहीच आले नाही, कारण त्या पद्धतीत ते आधीच करमुक्त होते. शेतमजुराचा तर या कोष्टकाशी संबंधच येत नाही.

त्याचा संबंध येतो तो दुकानात. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, केशतेल, टूथपेस्ट यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी १०० रुपये किंमत असलेला माल ११८ ऐवजी १०५ रुपयांस मिळावा. अर्थात दुकानदाराने भाव उतरविला तर! सुटे धान्य आणि ताजी भाजी यांवर हा कर नव्हताच. म्हणून ज्या घरची बहुतेक मिळकत ज्वारी-तांदळातच संपते, तेथे बचत थोड्या रुपयांची. वातानुकूलन यंत्रावरील कर २८ वरून १८ टक्के झाला; ४० हजारांच्या मूळ किमतीवर एकदम ४ हजार वाचले.

राज्याच्या व्यवसाय कराचे उदाहरण निराळे आहे. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५ हजारांपर्यंत वेतन घेणाऱ्या स्त्रियांना तो माफ झाला. पूर्वी ही सूट १० हजारांपर्यंतच होती. १५ हजार पगाराच्या स्त्रीचे त्यामुळे वर्षाला अडीच हजार रुपये वाचतात. आयकराच्या मोठ्या सवलतीने तिला एक पैसाही दिलेला नाही.

मात्र हाच व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने बसविला गेला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. पगारदाराच्या खिशातून गेलेले ते रुपये बांधबंदिस्तीच्या आणि रस्त्याच्या कामावर मजुरी म्हणून पोचत होते, ज्या घरांना कोणत्याही आयकर-सवलतीचा लाभ कधी होणार नव्हता अशा घरांत.