अक्षर पुसट का दिसते?

मंडळी, रात्रीच्या वर्गाला चाळिशी ओलांडलेले लोक येतात. महिनाभर बसतात आणि मग म्हणतात, "गुरुजी, आता अक्षर डोक्यात शिरत नाही." अहो, डोकं चांगलं आहे! अक्षर डोळ्यातच नीट उतरत नाही. ते कसे, हे आज पाहू.

हे भिंग पाहा. मध्ये जाड, कडेला पातळ. अख्ख्या मसुराच्या दाण्यासारखे. याला बहिर्गोल भिंग म्हणतात. खोलीत जरा अंधार करा. भिंग दाराकडे धरा, त्याच्यामागे पांढरा कागद धरा. कागद पुढे-मागे सरकवा. एका जागी बाहेरच्या झाडाचे लहानसे चित्र कागदावर उमटते. पण झाड उलटे! शेंडा खाली, बुंधा वर.

असे का? मी फळ्यावर काढतो, तुम्ही पाटीवर काढा. मधोमध भिंग काढा. भिंगाच्या मध्यातून एक आडवी रेघ ओढा. डावीकडे, बरेच लांब, रेघेवर झाड उभे करा. आता शेंड्यापासून दोन किरण काढायचे. पहिला किरण आडव्या रेघेला समांतर असा भिंगापर्यंत न्या. भिंग त्याला वाकवते. पलीकडे तो रेघेवरच्या एका ठरावीक बिंदूतून खाली जातो. त्या बिंदूला नाभी म्हणतात. दुसरा किरण भिंगाच्या मध्यातून न्या. तो वाकत नाही, तिरपा सरळ खाली उतरतो. दोघांची भेट रेघेच्या खाली होते. तिथे शेंड्याचे चित्र. म्हणून झाड उलटे.

आपल्या डोळ्यातही असेच भिंग आहे. मागे पडदा आहे. त्यावरही चित्र उलटेच पडते. मेंदू ते सुलटे समजून घेतो. चाळिशीनंतर हे भिंग ताठर होते. जवळच्या अक्षराचे किरण पडद्यावर भेटत नाहीत. भेटीची जागा पडद्याच्या मागे जाते. म्हणून तर तुम्ही पुस्तक हात लांब करून धरता! चष्म्याचे बहिर्गोल भिंग किरणांना आधीच थोडे वाकवते. मग भेट पडद्यावर होते.

काही पोरांना जवळचे दिसते, लांबचा फळा दिसत नाही. त्यांचे किरण पडद्याच्या अलीकडेच भेटतात. त्यांना अंतर्गोल भिंग लागते. ते मध्ये पातळ, कडेला जाड असते. ते किरण फाकवते, म्हणून भेट मागे सरकते.

शेजाऱ्याचा चष्मा मागून वाचणाऱ्यांनी हे ऐका. चष्मा अक्षरावर धरा. अक्षर मोठे दिसले तर तो बहिर्गोल, लहान दिसले तर अंतर्गोल. नातवाचा अंतर्गोल चष्मा आजोबांनी लावला, तर भेट आणखीच मागे जाईल. बहिर्गोल असला तरी नंबर तुमचा असेलच असे नाही. डोळे तपासूनच चष्मा घ्यावा.

मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. तिथे डोळ्यातले भिंगच गढूळ होते. मग डॉक्टर ते काढून नवे बसवतात. असे भिंग लंडनमध्ये हॅरल्ड रिडले या डॉक्टरांनी १९४९ साली पहिल्यांदा बसवले. तेही बहिर्गोलच होते.