पट्टेवाल्याच्या मागावर

(मंडळाच्या निधिसंकलन स्नेहभोजनाच्या वेळी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लिलावाच्या यादीत सतराव्या क्रमांकावर "पेडलच्या कयाकमधून मासेमारी, दोघांसाठी, एक सकाळ" अशी ओळ तुम्ही वाचली असेल. ती वस्तू माझी. गेल्या अर्ध्या तासात तीन जणांनी मला विचारलं की बर्फाची पेटी केवढी आणायची. म्हणून बोली सुरू होण्याआधी थोडं बोलतो, म्हणजे नंतर कोणी फसवलं म्हणायला नको. शाकाहारी मंडळींनीही ऐकावं, कारण या गोष्टीत खाण्याचा भाग तसा थोडाच आहे.

ज्या माशाच्या मागे आपण जाणार आहोत त्याचं नाव स्ट्राइप्ड बास. इथले लोक लाडाने स्ट्रायपर म्हणतात. चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळे पट्टे असतात, म्हणून आमच्या घरी त्याचं नाव पट्टेवाला. कचेरीतल्या पट्टेवाल्यासारखाच हाही दाराशी उभा राहतो. ते दार कुठलं, ते पुढे सांगतो.

बोस्टनच्या उत्तरेला न्यूबरीपोर्ट, रोली, इप्सविच या गावांच्या बाजूला तुम्ही प्लम आयलंडवर पक्षी बघायला गेला असाल. ते बेट आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये जे उथळ पाणी आहे ते प्लम आयलंड साउंड. पार्कर, रोली आणि इप्सविच या नद्या त्यात येतात आणि भोवती वीस हजार एकरांहून मोठं खाजण पसरलेलं आहे, न्यू इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं. इंग्रजीत त्याला ग्रेट मार्श म्हणतात. मी पहिल्यांदा ते ओहोटीच्या वेळी पाहिलं. चिखल, चिखलातून वळणं घेत जाणारे ओहोळ आणि तो वास. माझं आजोळ रेवदंड्याचं, त्यामुळे मला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

बोस्टनच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक सरासरी साडेनऊ फूट असतो. भरतीचं पाणी चढलं की खाजणातलं गवत बुडतं आणि बारीक मासे, कोळंबी, छोटे खेकडे त्यात शिरतात. ओहोटी लागली की हे सगळं ओहोळांतून बाहेर वाहून यायला लागतं. ओहोळ जिथे खाडीला मिळतो ते ते दार. आमचा पट्टेवाला तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि जेवण आपल्या पायांनी त्याच्या तोंडात चालत येतं. कुंडलिकेच्या खाडीत माझे मामा जिताड्यासाठी गरी टाकायचे तेही अशाच जागी. जिताडा आणि हा, दोघांचं कुळ वेगळं, पण सवयी भावाभावांसारख्या. एक गंमत मात्र आहे. जिताडा अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे खाऱ्या पाण्यात येतो, आणि पट्टेवाला समुद्रातून नदीत, गोड्या पाण्यात जातो.

आता इथे मोटरबोट घेऊन जाऊन बघा. तीन-चार फूट पाणी, खाली चिखल. पंख्याने चिखल ढवळला जातो आणि आवाजाने मासे पळतात. वल्ह्याची कयाक चालते, पण दोन्ही हात वल्ह्यात अडकतात, मग गळ कोण सांभाळणार? यावर उपाय निघाला १९९७ साली. होबी कंपनीने पायाने चालवायची यंत्रणा बाजारात आणली. पाय आळीपाळीने पुढे ढकलायचे, होडीखाली दोन पंख पेंग्विनसारखे डावी-उजवीकडे हलतात आणि होडी निघते. डावा हात सुकाणूच्या दांड्यावर, उजवा मोकळा. पाणी फारच कमी झालं तर एक पाय पूर्ण पुढे दाबून ठेवायचा. पंख होडीच्या बुडाला चिकटून बसतात आणि होडी वितभर पाण्यावरूनही सरकते. पुढे पंख्याच्या पेडलच्या कयाकही आल्या, त्यांना मागे जाता येतं. पण उथळ चिखलात मला पेंग्विनच बरा वाटतो. ज्यांचे गुडघे कुरकुर करतात त्यांनीही घाबरू नये, हे सायकलीपेक्षा सोपं आहे.

या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेणं. माझं आवडतं आमिष दिसायला अगदी हास्यास्पद आहे. लालसर रबराची दीड-दोन फुटांची वाकडी नळी, तिच्या शेपटाला गळ आणि गळाला समुद्री किड्याचा तुकडा. होडीमागे ऐंशी-शंभर फुटांवर ती तळालगत गिरक्या घेत येते आणि माशाला वाटतं मोठा किडा किंवा ईल मासा चालला आहे. सगळी मेख वेगात आहे. ताशी दोन मैल, म्हणजे रविवारी मंडईत रमतगमत चालतो त्याहूनही सावकाश. घाई केली की नळी वर येऊन नुसती गरगर फिरते. नवशिका मनुष्य हमखास जोरात पाय मारतो, आपल्याकडे सावकाश जायची सवयच राहिलेली नाही.

सरळ रेषेतही जायचं नाही. नागमोडी जायचं. वळताना आतल्या बाजूची नळी मंदावते आणि खाली बसते, बाहेरच्या बाजूची वेग घेते. मासा कुठल्या नळीला लागला यावरून त्या दिवशी त्याला काय हवं आहे ते कळतं. आतलीला लागला तर आणखी सावकाश चला. मधूनमधून तंगूस ओढून बघायचं, नळीला गवत गुंडाळलं असेल तर मासा ढुंकूनही बघत नाही. आणि मग दांडीचं टोक एकदम पाण्यापर्यंत वाकतं. उथळ पाण्यात त्याला खाली जायला जागा नसते, तो आडवा धावतो आणि कयाकचं तोंड आपल्यामागे फिरवतो. मासा होडी ओढत नेतो आहे आणि आपण मुकाट्याने बसलो आहोत, हा अनुभव मी तरी दुसरीकडे घेतलेला नाही.

भरतीची वेळ कशी काढायची ते सांगतो. कोकणातल्या मंडळींना हिशोब माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी इथे आल्यावर गंमत म्हणून पडताळून पाहिलं आणि ढोबळमानाने बोस्टनलाही ते जुळतं! फक्त उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा एक मिळवायचा. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतं, म्हणून पाण्यात उतरण्याआधी सरकारी तक्ता बघायचाच. पण भिंतीवरचं कालनिर्णय अमेरिकेत मासेमारीला उपयोगी पडतं हे माझ्या इथल्या शेजाऱ्याला अजून पटलेलं नाही.

हे झालं पकडण्याचं. आता बर्फाच्या पेटीकडे येतो.

कायदा असा आहे: २०२३ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये माणशी दिवसाला एकच मासा ठेवता येतो, आणि तो २८ इंच किंवा त्याहून मोठा पण ३१ इंचांपेक्षा लहान असला पाहिजे. लहान सोडायचा हे आपल्याला समजतं. मोठा का सोडायचा? कारण मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा मादी. सहा वर्षांची मादी साधारण पाच लाख अंडी घालते, पंधरा वर्षांची तीस लाखांच्या वर. गाबोळीचे शौकीन इथे बरेच बसले आहेत, त्यांनी हा आकडा मनात ठेवावा.

या माशाचं एकदा वाटोळं होता होता वाचलं आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो झपाट्याने कमी व्हायला लागला. १९८४ साली अमेरिकन काँग्रेसने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, १९८५ साली मेरीलँडने मासेमारी पूर्ण बंद केली आणि ती पाच वर्षं बंद ठेवली. १९९५ साली साठा पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं. जगभर कौतुक झालेली गोष्ट आहे ही. पण २०१९ च्या पाहणीत साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचं दिसलं. आपल्याकडे येणारे बहुतेक पट्टेवाले चेसापीक उपसागराच्या नद्यांत जन्मतात, मे महिन्यात इथे पोचतात आणि थंडीआधी परततात. मेरीलँडचे शास्त्रज्ञ १९५४ पासून दर उन्हाळ्यात तिथे किनाऱ्यावरून चक्क रापण ओढतात आणि जाळ्यात किती पिल्लं आली ते मोजतात. दीर्घकालीन सरासरी एका ओढीला अकराच्या आसपास आहे. २०२३ साली आली १, २०२४ साली २, आणि २०२५ साली ४. आज जन्मलेलं पिल्लू अठ्ठावीस इंचांचं व्हायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे आता जे मोठे मासे पाण्यात आहेत त्यांच्यामागे रांगेत फारसं कोणी उभं नाही.

कोणी म्हणेल, आम्ही तर सगळे सोडूनच देतो. इथेच माझं बऱ्याच गळवाल्यांशी वाजतं. सोडला म्हणजे वाचला असं नाही. सोडलेल्या शंभरांपैकी नऊ नंतर मरतात असं धरून साठ्याचा हिशोब होतो. एका सकाळी तीस मासे पकडून सोडणारा आणि फोटो काढून पुण्य लागलं समजणारा मनुष्य दोन-तीन मासे मारून घरी आलेला असतो. एकच ठेवून घरी परतणारा त्याच्यापेक्षा बरा. आणि पाणी गरम असेल, जुलै-ऑगस्टच्या दुपारी उथळ खाडीत असतं तसं, तर परिस्थिती आणखी वाईट. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही.

पेडलची कयाक मला आवडते याचं खरं कारण हे आहे. तुम्ही पाण्यापासून हातभर उंचीवर बसलेले असता आणि हात मोकळे असतात. मासा होडीत घ्यावाच लागत नाही. नळीला एकच गळ ठेवायचा आणि त्याचा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा. तंगूस जाड वापरायचं, म्हणजे झुंज लांबत नाही. मासा बाजूला आला की अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालायचा. दात सँडपेपरसारखे असतात, कापत नाहीत. मासा पाण्यातच ठेवून गळ काढायचा. मग त्याला तसाच धरून पाय हळूहळू मारत राहायचं, कल्ल्यांमधून पाणी जायला लागतं. थोड्या वेळाने तो स्वतःच अंगठा झटकून निघून जातो. ते झटकणं फार जोरदार असतं. आपण सोडलं असं वाटत नाही, त्याने हात काढायला सांगितला असं वाटतं.

तेव्हा सतराव्या क्रमांकाच्या अटी अशा. तिघांत मिळून पाच मासे झाले की नळ्या वर घ्यायच्या, मग सकाळचे सात वाजलेले असले तरी. कायद्यात बसणारा मिळाला तर तुमच्यासाठी एक ठेवू. तीस इंचांच्या माशात दोन कुटुंबांचं जेवण सहज होतं. मांस पांढरं आणि घट्ट असतं, आमच्याकडे आलं-लसूण-कोकम लावून रव्यात तळतात. मिळाला नाही तर मिळाला नाही, पैसे परत नाहीत!

खजिनदारांनी मला विचारलं होतं की आजचा निधी कोकणातल्या शाळेच्या खोल्यांसाठी आहे, त्याचा माशाशी काय संबंध? संबंध आहे. याच राज्याच्या भूमीवर १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने बास आणि कॉड हे मासे शेतात खत म्हणून टाकायला बंदी केली होती. आणि १६७० साली प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल आणि हेरिंगच्या मासेमारीचं उत्पन्न मोफत शाळेसाठी लावून दिलं. पट्टेवाल्याच्या पैशातून शाळा चालवणारे आपण पहिले नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच ते करून झालं आहे. त्यामुळे बोली जरा मोठ्या आवाजात करा.

राहता राहिलं तारखेचं. जूनमध्ये जाऊ. मेमध्ये पाणी पन्नास अंशांच्या आसपास असतं, त्यात पडलं तर हातपाय काही मिनिटांतच काम देईनासे होतात. जुलैच्या मध्यापासून खाजणात ग्रीनहेड माश्या येतात. पायांवर उभ्या असलेल्या काळ्या पेट्या तुम्ही तिथे पाहिल्या असतील, त्या याच माश्यांचे सापळे. त्यांचा चावा ज्याने घेतला आहे तो पुन्हा जुलैत जात नाही. लाइफ जॅकेट कायद्याने १५ सप्टेंबर ते १५ मे एवढंच सक्तीचं आहे, माझ्या होडीत बाराही महिने. उधाणाच्या दिवशी मी नवीन माणसाला नेत नाही, ओढ फार असते. भांगाच्या जवळचा दिवस धरायचा. षष्ठी उत्तम. सहाची पाऊणपट साडेचार, अधिक एक, म्हणजे साडेपाचला भरती. भरती असतानाच आत जायचं, ओहोटीबरोबर ओहोळांची तोंडं धुंडाळत बाहेर यायचं आणि नऊच्या आत धक्क्याला लागायचं, नाहीतर दुपारपर्यंत चिखलात बसून राहावं लागेल. सोळा वर्षांवरील प्रत्येकाने समुद्री मासेमारीचा परवाना आधी काढून ठेवावा. चहा मी आणीन. तुम्ही टोपी, सुकी पिशवी आणि लहानशी बर्फाची पेटी आणा. लहानशीच.