थोडक्या खर्चातील प्रवास
(महोत्सवानिमित्त सभासद व त्यांच्या कुटुंबीयांपुढे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, दात्यांचे आभार मानावेत आणि पुढील कार्यास सुयश चिंतावे अशी रीत आहे. आधीच्या वक्त्यांनी ती उत्तम पाळली. आम्हा शिक्षकांच्या वाट्याला आलेला विषय मात्र निराळा आहे: थोडक्या खर्चात प्रवास. हा विषय पत्रिकेत वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींनी आम्हांस विचारलेच, “धर्मादाय संस्थेचा आणि भटकंतीचा संबंध काय? औषधपाणी, शिष्यवृत्त्या, वह्यापुस्तके यांतून उरले तर सहली!” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हाच आजच्या भाषणाचा हेतू.

प्रवास ही पैसेवाल्यांची चैन आहे, असा समज आपल्यात खोल रुजला आहे. वास्तविक जगातले पुष्कळसे थोर प्रवासी खिशाने हलकेच होते. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. बंडाच्या धामधुमीत सापडून त्यांनी झाशीत जे पाहिले ते लिहून ठेवले, आणि 1907 साली ‘माझा प्रवास’ छापला गेला तेव्हा मराठी वाचकाला मोठा ठेवा मिळाला. पंढरीचा वारकरी शेकडो वर्षे पायीच चालत आला आहे. इस्लाममध्येही पृथ्वीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे वारंवार बजावले आहे. त्यासाठी धनवान असण्याची अट कोठेही घातलेली नाही. थोडक्या पैशांत निघालेला माणूस लोकांच्या बसमध्ये बसतो, लोकांच्या विहिरीचे पाणी पितो, वाट विचारतो. म्हणून त्याला लोक भेटतात. मोटार भाड्याने घेऊन काच वर करून जाणाऱ्याला केवळ रस्ता दिसतो.

आता कोणी म्हणेल, “काश्मीर, उटी ठीक, आपल्या आदिलाबादेत पाहण्यासारखे आहे काय?” या प्रश्नानेच गेली काही वर्षे आम्हा काही शिक्षकांना घराबाहेर काढले. नववीच्या मुलामुलींना घेऊन, शिदोरी बांधून, आर.टी.सी.च्या साध्या बसने आम्ही जुना आदिलाबाद जिल्हा पाहत आलो. जुना म्हणण्याचे कारण असे की 11 ऑक्टोबर 2016 रोजी त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्याही आधी, 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत, किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच जिल्ह्यात होते. म्हणजे आपल्या आजोबांचा जिल्हा एक, वडिलांचा दुसरा आणि मुलांचा तिसरा. डोंगर आणि नद्या मात्र जेथल्या तेथे.

आरंभ आपल्या गावापासूनच करावा. कापसाच्या हंगामात सकाळी बाजार समितीच्या आवारात मुलांना उभे केले की तेलुगू, उर्दू, मराठी आणि गोंडी अशा चार भाषा अर्ध्या तासात कानांवर पडतात. हा भूगोलाचा धडा होय, आणि त्याला एक पैसा पडत नाही. तेथून जैनथला जावे. तेथे परमार राजा जगद्देवाच्या काळचा शिलालेख सापडला आहे. माळव्याच्या राजवंशाचे नाव आपल्या उंबऱ्याशी दगडावर कोरलेले आहे हे ऐकून मुले थक्क होतात. पलीकडे पैनगंगा, आणि नदीपार यवतमाळ जिल्हा.

दुसरी वाट राष्ट्रीय महामार्ग 44 ने दक्षिणेकडे जाते. नेरडीगोंड्याहून आत वळले की कडेम नदीवरचा कुंतला धबधबा लागतो. त्याची उंची सुमारे 147 फूट सांगतात. पावसाळा सरल्यावर तेथे पाण्याचा लोट पाहण्यासारखा असतो. पण दगड निसरडे आहेत, डोह खोल आहेत आणि तेथे माणसे बुडालेली आहेत. म्हणून पाण्यात कोणी उतरायचे नाही, हा आमचा नियम. वरून पाहावे, शिदोरी सोडावी आणि परतावे. पुढे निर्मलला गेले तर पोनिकीच्या हलक्या लाकडाची फळे, पक्षी आणि खेळणी घडवणारे कारागीर कामावर बसलेले दिसतात.

तिसरी वाट आमच्या विशेष आवडीची. गुडीहतनूरहून बस डावीकडे वळते आणि सातमाळा डोंगरांत शिरते. वाटेत इंद्रवेल्ली. तेथे 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी सभेला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यांचे स्मारक तेथे आहे. मुलांना आम्ही तेथे दोन मिनिटे उभे करतो व काय झाले ते सांगतो. जवळच केसलापूर. पौष अमावास्येच्या रात्री येथे मेसराम कुळाचे गोंड लोक नागोबाची पूजा करतात, त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. पुढे उटनूर, आणि उटनूरहून जन्नारमकडे जाणारा रस्ता कव्वालच्या जंगलातून जातो.

कव्वाल 1965 साली अभयारण्य झाले आणि 2012 साली व्याघ्र प्रकल्प. त्याचा गाभा सुमारे 893 चौरस किलोमीटरचा असून भोवतालचा पट्टा त्याहूनही मोठा आहे. साग, बांबू, चितळ, सांबर, नीलगाय, गवा हे येथले धन. वाघ दिसेलच असे आम्ही मुलांना कधीही सांगत नाही, आणि तो दिसला नाही म्हणून कोणी खट्टू झालेलेही पाहिले नाही. मुलांना अधिक नवल वाटते ते याचे, की टिपेश्वर आणि ताडोबा येथले वाघ पैनगंगा, वर्धा, प्राणहिता ओलांडून आपल्याकडे येतात. माणसाने नदीवर सीमा आखली, वाघाला ती कोणी सांगितली नाही.

परंतु जंगल हे केवळ वाघाचे घर नव्हे. गोंड, कोलाम, परधान, नायकपोड हे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. मे 2025 मध्ये सरकारने वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे मोठे क्षेत्र संरक्षण राखीव म्हणून जाहीर केले. आपली शेती आणि वस्ती जाईल या भीतीने आदिवासी रस्त्यावर आले आणि जुलै महिन्यात तो आदेश स्थगित झाला. वाघ जगला पाहिजे आणि माणूसही उपटला जाता कामा नये, हा पेच सोडवणे सोपे नाही. उद्या आपलीच मुले तहसीलदार, वनाधिकारी, वकील, शिक्षक होतील आणि तो त्यांच्या टेबलावर येईल. ज्याने कोलामाचे घर कधी पाहिलेच नाही, त्याने त्या कागदावर सही काय विचार करून करावी? सहलीला आम्ही शिक्षण म्हणतो ते याकरिता.

ओळख दोन्ही बाजूंनी होते, याचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे. एका खेपेस एका विद्यार्थिनीची आई मुलीच्या काळजीपोटी आमच्याबरोबर आली. लग्न आणि मयत यांखेरीज ती बाई आयुष्यात बसमध्ये चढली नव्हती. केसलापुरात एका झाडाखाली आम्ही बसलो. कोणी डबे सोडले, कोणी बाजूला नमाज पढून घेतली. शेजारी एक वृद्ध परधान बाई बसली होती. परधानांची घरची भाषा मराठी, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक आहे. तिने विचारले, “कोणत्या गावची गं तू, बाई?” झाले! दोघींची जी जुळली ती बस येईपर्यंत. पाऊसपाणी, कापसाचा भाव, सुना, गुडघेदुखी, सारे बोलून झाले. परतताना ती आई आम्हांस म्हणाली, “गुरुजी, जंगलातली माणसं म्हंजे कशी असतील म्हणून मी भीत होते. ती तर आपल्यावानीच बोलतात.” हे आम्ही वर्गात वर्षभर शिकवूनही कदाचित साधले नसते.

जैनूरजवळच्या मार्लवाई गावाची गोष्टही अशीच आहे. 1940 च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ पत्नी एलिझाबेथ यांच्यासह तेथे राहिले, आणि गोंड मुलांना शिकवण्यासाठी शिक्षक तयार करण्याचे केंद्र तेथे निघाले. तेथील गोंडी पहिली पुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागात मराठीची ओळख होती. त्याच मार्लवाईचे कनकराजू यांना गुसाडी नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024 साली ते निवर्तले. व्हिएन्नाचा पंडित येथे येऊन राहतो, दिल्ली येथल्या नर्तकाचा सन्मान करते, आणि पाऊणशे किलोमीटरवरच्या आपल्या मुलांना ते गाव नकाशात दाखवता येत नाही, ही गोष्ट आपणांस शोभत नाही.

आता खर्चाविषयी. 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणात राहणाऱ्या मुली व स्त्रिया यांना पल्ले वेलुगू आणि एक्सप्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीपर्यंत तिकीट पडत नाही. आधारकार्ड दाखवावे, कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्राच्या एस.टी.त मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे मुलींसाठी भाड्याची अडचण सरली. तरीही आमच्या यादीत मुलांची नावे भराभर येतात आणि मुलींची नावे घरोघर जाऊन मिळवावी लागतात. पूर्वी “पैसे नाहीत” असे सांगता येत असे. आता ती सबब उरली नाही. उरला आहे तो केवळ आपल्या मनाचा उंबरठा. तो सरकार ओलांडून देणार नाही, तो आपण वडीलमंडळींनीच ओलांडला पाहिजे. सोबत शिक्षिका असतात, इच्छा असेल त्या आईने यावे, पहाटेची बस धरावी आणि दिवेलागणीपूर्वी मुक्कामी पोचावे. यात न पटण्यासारखे काय आहे?

बाकीचा हिशेब साधा आहे. भाकरी, ठेचा, गूळशेंगदाणे घरून घ्यावेत. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पण आदिलाबादची थंडी तेलंगणात सर्वांत कडक समजली जाते, तेव्हा घोंगडी विसरू नये. पावसाळ्यात जंगलाची सफर बंद ठेवतात, म्हणून जन्नारमच्या वनखात्याकडे आधी विचारून घ्यावे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ डेपोत विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. कोणाच्या घराचे किंवा पूजेचे छायाचित्र विचारल्याविना काढू नये. कचरा जसा नेला तसा परत आणावा.

राहता राहिला रात्रीचा निवारा. यासंबंधी एका शिक्षकाचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. जर्मनीतले रिखार्ड शिरमान हे शाळामास्तर 1909 च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी निघाले असता वादळात सापडले. एका गावच्या शाळेत गवतावर त्यांनी रात्र काढली. मुले झोपली, मास्तर जागे राहून विचार करीत होते की सुट्टीत प्रत्येक गावची शाळा अशी मोकळीच असते, मग ती प्रवासी मुलांसाठी का उघडू नये? 1912 साली आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांनी पहिले कायमचे युवक वसतिगृह सुरू केले, आणि त्यातून पुढे जगभर अशा वसतिगृहांची चळवळ उभी राहिली. तिचे मूळ भांडवल काय होते? एक रिकामी शाळा आणि थोडे गवत.

म्हणून महोत्सवाच्या या वर्षी आम्ही विश्वस्त मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, नववीतल्या प्रत्येक मुलामुलीला जुन्या जिल्ह्यातला दोन दिवसांचा एक प्रवास घडावा. मुलांचे बसभाडे आणि जंगलाचे प्रवेशशुल्क यांपुरती वेगळी पेटी ठेवावी. जकात असो वा शिष्यवृत्तीची देणगी, जो पैसा ज्या कामासाठी दिला तो त्याच कामी लागला पाहिजे. त्याला या कारणाने कोणी हात लावू नये. दुसरी, दिवाळी आणि संक्रांतीच्या सुट्टीत आपले सभागृह बाहेरगावच्या शाळांना मुक्कामासाठी उघडावे. जाजम, पाणी, दिवा आणि एक राखणदार एवढीच तयारी हवी. इंद्रवेल्ली-उटनूरकडच्या आश्रमशाळांची मुलेही आपले गाव पाहायला येतील. नेहमी आपणच त्यांना पाहायला जावे हे बरे नव्हे. तिसरी, कोणत्याही सहलीत मुलींची संख्या मुलांहून कमी असेल तर ती सहल निघू नये, असा ठराव करावा.

औषधाने आजार बरा होतो, शिष्यवृत्तीने शिक्षण पुरे होते. शेजाऱ्याविषयीचे अज्ञान मात्र त्याच्या दारापर्यंत गेल्यावाचून जात नाही. ते घालवणे हेही धर्मादाय कार्यच होय, अशी आमची श्रद्धा आहे. पुढची सहल संक्रांतीच्या सुट्टीत उटनूर-जन्नारमला निघावयाची आहे. नावे शाळेच्या कार्यालयात घेतली जातील. मुलींची नावे आधी यावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.