भाड्याने दिलेले घर विकताना

(मंडळाच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले साधे कारकून. कायद्याचे पंडित नव्हे. तरीही या विषयावर बोलण्यास उभे राहिलो, कारण आमच्याच घरात एक मोठी चूक होता होता राहिली. ती आपल्यापैकी कोणाकडून होऊ नये, एवढाच हेतू आहे.

कासारसाईत आमच्या आईच्या नावावर एक घर होते. त्या घरात आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढे नोकरीमुळे पिंपरीस राहायला आलो. हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या, गावात भाडेकरू मिळू लागले, म्हणून घर भाड्याने दिले. डिसेंबर २०२४ मध्ये आईने ते ३२ लाखांना विकले.

कराविषयी घरात तीन मते निघाली. थोरले बंधू म्हणाले, "गावातले घर आहे, शेतीसारखेच, कर कसला?" मेहुणे म्हणाले, "आपण तिथे राहत नव्हतो, भाडे घेत होतो. सवलत गेली, कर भरा आणि मोकळे व्हा." तिसरे मत असे, की नवे घर घ्यायला दोन वर्षे मिळतात, तोवर पैसे मुदत ठेवीत टाकावेत. तिन्ही मते चुकीची होती. आणि तिसरे मत आमचे होते!

पहिले मत पाहू. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरे. पण ती सवलत शेतजमिनीची आहे, घराची नव्हे. शिवाय दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतील शेतजमिनीला तीही मिळत नाही. पिंपरी-चिंचवडच्या शेजारच्या मुळशीकरांनी हे अंतर मोजूनच बोलावे.

मग कर किती? घर दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. घर २००१ पूर्वीचे असल्याने १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. मूल्यांकनात ती २ लाख निघाली. २३ जुलै २०२४ पासून कराचा दर साडेबारा टक्के झाला आणि महागाई निर्देशांकाचा लाभ गेला. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी येथील रहिवासी व्यक्तीला जुन्या रीतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. जुन्या रीतीने २ लाखांचे ७ लाख २६ हजार होतात आणि कर ४,९४,८०० रुपये येतो. नव्या रीतीने नफा ३० लाख आणि कर ३,७५,००० रुपये. उपकर निराळा. आईच्या निवृत्तिवेतनातच मूळ सूट संपलेली होती.

आता दुसरे मत. अमेरिकेत घर विकण्यापूर्वीच्या पाच वर्षांत दोन वर्षे तिथे राहिलेले असावे लागते, तेव्हा तिकडची मोठी सूट मिळते. आपल्याकडे तशी अट नाही. १९६१ च्या कायद्याचे कलम ५४ फक्त एवढे पाहते, की घर निवासी आहे आणि त्याचे उत्पन्न घरापासूनच्या उत्पन्नाच्या सदरात मोडते. स्वतः राहा किंवा भाड्याने द्या, नफ्यातून भारतात दुसरे राहते घर घेतले तर सवलत मिळते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून आकड्यापेक्षा नियम लक्षात ठेवा.

नियम असा : विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम. पण रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत जो नफा घरात गुंतला नसेल, तो १९८८ च्या योजनेखालील 'भांडवली नफा खात्यात' भरावाच लागतो. साधी मुदत ठेव चालत नाही. इथेच आम्ही चुकलो. आयुष्य बँकेत गेले, पण ते रोखीच्या खिडकीवर! जून २०२५ मध्ये बी. कॉम.ला असलेल्या आमच्या भाचीने विचारले, "मामा, आजीचे पैसे त्या खात्यात आहेत ना?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ग्रामीण शाखेत हे खाते उघडत नाही, म्हणून शहरात धाव घेतली. ठेव मोडली, थोडे व्याज बुडाले. पण मुदतीत ३० लाख जमा झाले आणि पावणेचार लाख वाचले. डिसेंबर २०२६ ही खरेदीची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहिली.

नवे घर कोणाच्या नावावर, यावरही वाद झाला. ज्याचा नफा त्याच्याच नावावर घर घ्यावे, हेच सुरक्षित. म्हणून आईच्याच नावावर, असे ठरले. ते तीन वर्षे विकू नये. विकल्यास सवलत परत घेतली जाते.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या आईची आयुष्याची पुंजी एका मुलीच्या प्रश्नाने वाचली. तुम्हीही घरातल्या वडीलधाऱ्यांना असे प्रश्न विचारा. आणि वडीलधाऱ्यांनो, त्यांचे ऐका.

जय भीम.